गाभण जनावराची नोंद आणि तपासणी

ज्याची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, त्याचा कागदावर फार विश्वास असतो. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आमच्यापुढें आली म्हणजे ‘शेत न पाहतां पीक लिहूं नये’ असें आम्ही बजावीत असूं. परंतु सेवानिवृत्तीनंतर तीच चूक आम्हीं आपल्या गोठ्यांत केली व तिचा दंड दहा महिने भरला. तो अनुभव शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

माघांत आमची म्हैस माजावर आली. त्याच दिवशीं कृत्रिम रेतन करविलें व वहींत तिथीवार लिहून ठेविलें. पुढें एकवीस दिवसांनीं ती ओरडली नाहीं, तेव्हां आम्हीं त्याच ओळीपुढें ‘गाभण’ असा शेरा मारला. पावसाळ्यांत हिरवा चारा खाऊन तिचें पोट सुटलें. घरच्या मंडळींस तो गर्भच वाटला. आश्विनांत, विण्यास दोन महिने उरले असें गणून, होतें तेवढें दूध आटविलें व सरकीची पेंड वाढविली. मार्गशीर्ष उजाडला तरी कास भरेना. शेवटीं पशुवैद्यांस बोलाविलें. त्यांनीं तपासलें व विचारलें, “भाऊसाहेब, म्हैस रिकामी आहे. गाभण असल्याचें तुम्हांस कोणीं सांगितलें?” सांगणारी आमची वहीच होती, आम्ही निरुत्तर झालों.

माज न दिसणें आणि गर्भ राहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाय काय, म्हैस काय, गर्भ न राहिल्यास सुमारें 21 दिवसांनीं पुन्हां माजावर येते. परंतु म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. उन्हाळ्यांत तो विशेषच लपतो व बहुधा रात्रीं किंवा पहाटे येऊन जातो. निकस चारा किंवा बीजकोशाचा विकार असल्यास माज मुळींच येत नाहीं. उलटपक्षीं, कांहीं गाई गाभण असूनही माजाचीं चिन्हें दाखवितात. अशा गाईस न तपासतां पुन्हां रेतन केलें, तर ती गाभडण्याची भीति असते. म्हणून रेतनानंतर 18 व्या दिवसापासून 24 व्या दिवसापर्यंत सकाळीं व रात्रीं जनावरावर नजर ठेवावी. मात्र तेवढ्यावर निकाल देऊं नये.

पोट मोठें दिसणें हीही खूण फसवी आहे. सहाव्या महिन्यानंतर उजव्या कुशीवर मूठ हलकेच दाबून सोडली असतां वासरूं हातास लागतें. डाव्या बाजूस चाऱ्याचें मोठें पोट असल्यानें तेथें ही परीक्षा होत नाहीं. पण इतका उशीर झाल्यावर कळून काय उपयोग? जनावर रिकामें निघालें तर अर्धें वर्ष गेलेंच.

खरी तपासणी पशुवैद्यांची. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनीं ते गुदमार्गानें हात घालून गर्भाशय चाचपतात. त्याचें एक शिंग दुसऱ्याहून फुगलेलें व आंत पाणी भरलेलें लागतें. सोनोग्राफीचें यंत्र असेल तेथें साधारण एका महिन्यांतही समजतें. हें काम घरच्या माणसानें करूं नये. कोंवळा गर्भ आडदांड दाबानें दगावतो. गर्भ राहून पुढें जिरण्याचेंही घडतें; यास्तव दूध आटविण्यापूर्वीं एकदां पुन्हां खात्री करून घ्यावी.

आतां नोंदीविषयीं. वहींत जनावराच्या कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, रेतनाची तारीख, तपासणीची तारीख व निकाल, दूध आटविण्याची तारीख आणि विण्याची अंदाजी तारीख अशीं घरें आखावीं. गाईचा गर्भकाळ सुमारें 280 दिवस व म्हशीचा सुमारें 310 दिवस धरावा. 1 जुलैस रेतन झालेली गाय 7 एप्रिलच्या आसपास व म्हैस 7 मेच्या आसपास विईल. लीप वर्षांत एक दिवस अलीकडे. विण्याच्या दोन महिने आधीं दूध आटवावें, म्हणजे कासेस विसावा मिळतो व वासरूंही चांगलें पोसतें.

आमची म्हैस औषधोपचारानंतर पौषांत फळली. फाल्गुन अखेर पशुवैद्यांनीं तिला तपासलें, आणि त्यांचा हात बाहेर आल्यावरच आम्हीं दौत-लेखणी घेतली. ती पुढच्या कार्तिकांत व्यायली व पारडी झाली. गेलेले दहा महिने मात्र परत आले नाहींत. त्यांतील चारापेंडीचा खर्च आजही जुन्या वहींत तसाच दिसतो. आमच्या बांधवांनीं तपासणीची तारीख रेतनाच्या दिवशींच लिहून ठेवावी, आणि ‘गाभण’ हा शेरा मात्र पाहणी झाल्यावरच लिहावा.