आकडा चुकला की सूत्रच वेगळं? फंक्शनच्या पोटात असं डोकवा

मैलूर (बिदर) : मैलूर रोडला गुरु नानक देव इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पण पायथॉन आता इंजिनीअरिंगच्याच पोरांपुरती राहिलेली नाही. इकडचं भालकी, औराद असो की पलीकडचं उदगीर, देगलूर; बी.कॉम.वालेही हिशेबासाठी ती शिकू लागलेत. त्यांची गाडी एका जागी हमखास अडते.

४, ६, ८ हे तीन आकडे घ्या. कॉमर्सच्या वहीतल्या रीतीने प्रमाण विचलन काढलं तर १.६३ येतं. पायथॉनच्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमधलं ‘एसटीडेव्ह’ फंक्शन मात्र २.० सांगतं. पोरगं समजतं, आपलंच चुकलं. खतावणीतला आकडा पटला नाही की आपण व्हाउचर काढून बघतो. इथे फंक्शनचा सोर्स कोड काढून बघायचा.

आयपायथॉन किंवा ज्युपिटरमध्ये फंक्शनचं नाव लिहून पुढे ?? द्यायचं. कंस टाकायचा नाही. ती ओळ चालवली की फंक्शन न चालता त्याचा मूळ मजकूर समोर येतो. साध्या पायथॉनमध्ये हेच काम इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं ‘गेटसोर्स’ करतं. त्याचं उत्तर प्रिंटमधून घ्यावं, नाहीतर सगळ्या ओळी एकाला एक चिकटून येतात.

एसटीडेव्ह उघडलं की नव्या आवृत्तीत भागाकार ‘एन वजा १’ने केलेला दिसतो. (जुन्या आवृत्तीत ते काम ‘व्हेरियन्स’कडे ढकललंय, मग तेही उघडायचं.) म्हणजे ते आपल्या आकड्यांना नमुना धरतं. वहीत ३ ने भागलं, इथे २ ने. वहीसारखंच उत्तर हवं असेल तर ‘पीएसटीडेव्ह’ वापरा. कुणीच चुकलेलं नव्हतं.

‘आर’ भाषेत तर ‘एसडी’ एवढं नुसतं लिहिलं तरी कोड दिसतो. आत ‘व्हार’ सापडतं, आणि व्हार उघडलं तर ते सी भाषेतल्या भागाकडे बोट दाखवतं. तिथून पुढचं प्रॉम्प्टवर दिसत नाही, मदतीचं पान वाचावं लागतं. पायथॉनची ‘सम’, ‘लेन’ ही फंक्शन्सही सी मधलीच, म्हणून गेटसोर्स तिथे एरर देतं. सॉफ्टवेअर बिघडलं असं समजून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नये.

प्रोग्राम मध्येच गडबडत असेल तर त्या जागी ‘ब्रेकपॉइंट’ टाकावा. प्रोग्राम तिथे थांबतो. मग ‘एलएल’ लिहिलं की चालू फंक्शन पूर्ण दिसतं, आपण कुठल्या ओळीवर आहोत त्या खुणेसकट. दुसरं फंक्शन बघायचं तर ‘सोर्स’ आणि त्याचं नाव.

खरा वेळ जातो तो पुढच्या भानगडीत. फाइल दुरुस्त करून सेव्ह केली, पण पायथॉन आधीपासून चालूच आहे. गेटसोर्स फाइल वाचून नवा मजकूर दाखवतं, आणि मेमरीत मात्र जुनंच फंक्शन चालत राहतं. कोड बरोबर दिसतोय, उत्तर तेच चुकीचं! अशा वेळी कोडशी भांडू नका, पायथॉन बंद करून पुन्हा सुरू करा.