परकीय साहाय्य आणि १९१५ चा धडा

परकीय साहाय्य वेळेवर मिळाले असते, तर भारत १९४७ च्या आधीच स्वतंत्र झाला असता काय? धरमपेठेतील एखाद्या विद्यार्थ्याला हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलास वाटेल. परंतु वर्ध्यात जन्मलेल्या आणि १९६७ साली नागपुरात निवर्तलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या पिढीने त्याच आशेवर आयुष्य पणाला लावले होते.

१९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष उभा राहिला. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, या न्यायाने क्रांतिकारकांनी जर्मनीशी संधान बांधले. जर्मनीने पैसा आणि शस्त्रे देऊ केली. मात्र भारताचे स्वातंत्र्य हा तिचा हेतू नव्हता. ब्रिटिश फौजा पूर्वेकडे गुंतून पडाव्यात, एवढेच तिला हवे होते.

घटनाक्रम बोलका आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये ठरलेला उठाव फितुरीने फसला. रायफली व काडतुसे घेऊन ‘ॲनी लार्सन’ हे जहाज कॅलिफोर्नियातून निघाले ते मार्चमध्ये. त्याच महिन्यात तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे मीरतच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. माल उतरवून घेणाऱ्या ‘मॅव्हरिक’ जहाजाशी गाठ पडलीच नाही आणि जूनअखेर अमेरिकन अधिकाऱ्यांनी तो साठा जप्त केला. नोव्हेंबरात पिंगळे लाहोरला फाशी गेले. इराणात इंग्रजांशी झुंजलेल्या खानखोजे यांनी पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्राचे अध्यापन केले. मायदेशी परतणे स्वातंत्र्यानंतरच शक्य झाले.

ती शस्त्रे जानेवारीतच किनाऱ्याला लागली असती तर? झुंज अधिक तीव्र झाली असती, हे खरे. पण फितुरीवर रायफल हा उतारा नव्हे. अमेरिकन वसाहतींना फ्रान्सचे साहाय्य फळले, १७८१ चा यॉर्कटाऊनचा विजय फ्रेंच आरमारावाचून दुष्कर होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु फ्रान्सने १७७८ साली तह केला तो साराटोगाची लढाई वसाहतींनी जिंकल्यानंतर. त्यांच्यापाशी स्वतःची प्रतिनिधिसभा होती, स्वतःची सेना होती. म्हणूनच मदत घेऊनही त्या फ्रान्सच्या अंकित झाल्या नाहीत.

गदर वीरांपाशी धैर्याची वाण नव्हती. वाण होती ती देशभर पसरलेल्या, फितुरी पचवू शकणाऱ्या संघटनेची. ती नसताना केवळ जर्मन शस्त्रांच्या बळावर विजय मिळालाच असता, तर स्वतंत्र भारताचे धोरण बर्लिनच्या मर्जीवर अवलंबून राहिले असते.