डक्टवरची चंदेरी फॉइल शोभेसाठी नसते!

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात वायसीएमसारखी मोठी रुग्णालयं आहेत, पलीकडे कारखाने. सेंट्रल एसी असेल तिथे डक्टवरची चंदेरी फॉइल नक्की बघा. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, काचतंतूंची जाळी, क्राफ्ट कागद असे तिचे थर. तिचं खरं काम बाष्प अडवणं! पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २३ अंशांखालच्या पृष्ठभागावर पाणी धरतं; अशाच फॉइलखालचा चिल्ड वॉटरचा, म्हणजे थंड पाण्याचा, पाइप तर ७ अंशांच्या आसपास असतो. फॉइल फाटली की बाष्प तिच्याखालच्या ग्लासवूलमध्ये, म्हणजे काचतंतूंच्या उष्णतारोधक थरात, शिरतं आणि तिथेच त्याचं पाणी होतं. ओलं ग्लासवूल उष्णता नीट अडवत नाही, आत पाइप गंजतो, बाहेरून कळतही नाही. म्हणून जोडावरची फॉइल टेप मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धूळ पुसा, टेप घट्ट दाबा, स्टेपलची भोकंही झाका.