दुकानात फळांचा, घरी चंदनाचा: परफ्यूमचा वास अंगावर का बदलतो?

सोलापूरच्या नवी पेठेत परफ्यूम घेताना कागदी पट्टीवर फवारा मारला की संत्र्या-पेरूचा गोड वास येतो. आवडला म्हणून बाटली घेतली जाते. घरी पोहोचेपर्यंत तो वास गेलेला असतो आणि मनगटावर फुलांचा दरवळ असतो. संध्याकाळी उरतो तो फक्त लाकडाचा कोरडा गंध. मग प्रश्न पडतो, माल बनावट निघाला का? बहुतेक वेळा तसं नसतं. फळ, फूल आणि लाकूड अशा घडणीचा परफ्यूम असाच उलगडतो.

आधी कोण उडतं?

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली अनेक सुगंधी द्रव्यं. त्वचेच्या उबेने ती उडू लागतात, पण सगळी एकाच वेगाने नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन हलकं असतं, ते काही मिनिटांतच निघून जातं. चंदनातलं सँटालॉल त्याच्या मानाने जड. ते त्वचेला धरून बसतं आणि हळूहळू उडतं.

म्हणून ढोबळमानाने तीन टप्पे दिसतात. पहिली 10-20 मिनिटं फळांची, पुढचे दोन-चार तास गुलाब-मोगऱ्यासारख्या फुलांचे आणि त्यानंतर चंदन, देवदार यांचे. हे टप्पे घड्याळ लावल्यासारखे बदलत नाहीत, एकमेकांत मिसळत जातात. लाकडाचा गंध सुरुवातीपासूनच असतो, फक्त फळांच्या गलक्यात तो ऐकू येत नाही.

बाटलीतलं डाळिंब कुठून येतं?

सोलापूर म्हणजे डाळिंबाचा जिल्हा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच आहे आणि 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण डाळिंब फोडून नाकाशी धरलं तर वास अगदी मंद येतो. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल काढता येतं, बहुतेक रसाळ फळांतून मात्र परफ्यूमसाठी असं तेल मिळत नाही. त्यामुळे बाटलीवर डाळिंब, पीच किंवा पेरू लिहिलेलं असलं, तरी तो वास बहुधा प्रयोगशाळेत तयार केलेल्या रेणूंमधून जुळवलेला असतो. यात फसवणूक नाही, या व्यवसायाची ती जुनी रीत आहे. 1919 च्या 'मित्सुको' या गाजलेल्या फ्रेंच परफ्यूममधला पीचचा वासही अशाच एका रेणूचा.

सोलापूरच्या उन्हात काय होतं?

एप्रिल-मेमध्ये इथला पारा सहज चाळिशी ओलांडतो. त्वचा जितकी गरम, तितकी द्रव्यं लवकर उडतात. फळांचा टप्पा आटोपता होतो, गोडवा सुरुवातीलाच अंगावर येतो आणि लाकडाचा गंध लवकर वर येतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तोच परफ्यूम निवांत उलगडतो.

त्वचेचा पोतही महत्त्वाचा. कोरड्या त्वचेवर वास लवकर विरतो, तेलकट त्वचेवर जास्त टिकतो. म्हणून मैत्रिणीच्या अंगावर छान वाटलेला परफ्यूम आपल्यावर तसाच वाटेल, याची खात्री नसते.

कधी वास गेलेला नसतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. आपल्याला काहीच जाणवत नाही आणि शेजारच्याला मात्र घमघमाट येतो. पुन्हा फवारा मारण्याआधी दुसऱ्या कुणाला विचारलेलं बरं.

घेताना आणि लावताना

- कागदी पट्टीवर आवडलेला वास मनगटावर लावून पाहा. एका वेळी दोनच, दोन मनगटांवर.
- लगेच पैसे देऊ नका. दोन-तीन तास बाजारात फिरा आणि पुन्हा हुंगा. दिवसभर सोबत राहणार आहे तो हाच वास.
- मनगटं एकमेकांवर घासू नका. घर्षणाच्या उबेने वरचा हलका वास आणखी लवकर उडतो.
- त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.
- सुती कपड्यावर वास जास्त वेळ राहतो, कारण कापड त्वचेइतकं उबदार नसतं. मात्र डाग पडतो का, हे आतल्या शिवणीवर आधी तपासा.
- लिंबूवर्गीय सालींच्या काही तेलांमुळे ऊन लागल्यावर त्वचेवर काळे डाग पडू शकतात. भर दुपारी बाहेर पडायचं असेल तर उघड्या मानेवर फवारा टाळा.
- खाज किंवा पुरळ आल्यास धुऊन टाका आणि वापर थांबवा.

महागड्या बाटलीचे पैसे पहिल्या दहा मिनिटांच्या वासावर ठरवायचे की शेवटच्या पाच तासांच्या, हे एकदा कळलं की बरेच चुकीचे सौदे टळतात.