एका मापाने मोजलेली जंगले

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले गेले, गातून तलाव भरत गेला आणि 1914 च्या सुमारास एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. तेच आजचे बारो कोलोराडो बेट. 1980 मध्ये स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटावरच्या वर्षावनात एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद असा 50 हेक्टरांचा प्लॉट आखला आणि त्यातले प्रत्येक झाड मोजायचे ठरवले. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर ज्याचे खोड एक सेंटिमीटर जाड भरते, ते कोवळे झाडसुद्धा या मोजणीतून सुटले नाही. दोन लाखांहून अधिक खोडे आणि सुमारे 300 प्रजाती निघाल्या. प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला लागला, नकाशावर त्याची जागा पक्की झाली आणि 1985 पासून दर पाच वर्षांनी तेच झाड पुन्हा मोजायचे, असा नेम ठरला. एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. उष्ण कटिबंधातल्या जंगलात बहुतेक प्रजाती विरळ असतात, हे त्याचे उत्तर. एका हेक्टरात एखाद्या प्रजातीची दोनच झाडे सापडली, तर तिचा जन्मदर काय आणि मृत्युदर काय, हे कुणालाही सांगता येणार नाही. संख्या पुरेशी हवी असेल तर क्षेत्र मोठे हवे, आणि झाडाचे आयुष्य माणसाहून मोठे असल्यामुळे मोजणारी संस्थाही माणसाहून जास्त टिकणारी हवी.

ही दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. देशोदेशींच्या विद्यापीठांनी पर्यावरण-संशोधनात एकत्र यावे, असे आपल्याकडे सतत म्हटले जाते. सामंजस्य करारांवर सह्या होतात, शिष्टमंडळे येतात-जातात, तीन वर्षांचा प्रकल्प संपतो आणि मागे एक अहवाल उरतो. याउलट पनामात सुरू झालेल्या त्या मोजणीचे काय झाले, ते पाहावे. 1980 च्या दशकाच्या मध्यात मलेशियातील पासोहच्या जंगलात, तिथल्या वनसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने, तसाच 50 हेक्टरांचा प्लॉट झाला. 1988 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तमिळनाडूतील मुदुमलईत तिसरा आखला. पुढे थायलंडचे हुआई खा खाएंग, बोर्निओतील लांबीर, श्रीलंकेतील सिंहराजा अशी नावे जोडली गेली. आज अशा प्लॉटांची संख्या 75 च्या पुढे आहे आणि त्यांत मोजलेली झाडे 70 लाखांच्या घरात जातात. स्मिथसोनियन संस्था या जाळ्याचा समन्वय करते, पण प्रत्येक प्लॉट त्या त्या देशातल्या संस्थेच्या हाती असतो. परदेशी सहकार्य परिसरशास्त्रात फळते ते अशा ठिकाणी, जिथे मापनाची शिस्त सगळ्यांची एक असते आणि प्रश्न, नोंदी व जबाबदारी स्थानिक संस्थेकडे राहते. पैसा, यंत्रे आणि नामांकित पाहुणे यांचे महत्त्व त्यानंतरचे.

मुदुमलईचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. मूळचे पुण्याचे आणि हार्वर्डला गणिती परिसरशास्त्र शिकून परतलेले माधव गाडगीळ यांनी 1983 मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्र केंद्राची उभारणी केली. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी याच केंद्रातून मुदुमलईचा प्लॉट उभा केला. पहिल्या मोजणीत सुमारे 26 हजार झाडे आणि सत्तरेक प्रजाती आढळल्या. पनामाच्या मानाने हा आकडा फारच लहान, कारण हे वर्षावन नाही. उन्हाळ्यात पाने गाळणारे कोरडे जंगल आहे. साग, ऐन, धावडा, नाणा, बहावा, गेळा ही त्यातली ठळक झाडे. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा विदर्भाच्या रानात हिंडणाऱ्याला यातले एकही नाव परके वाटणार नाही. उष्ण कटिबंधातली जंगले म्हणजे सदाहरित वर्षावने, अशी जगभरच्या पाठ्यपुस्तकांची समजूत होती. भारतातल्या जंगलाचा फार मोठा हिस्सा मात्र पानझडी आहे. त्यामुळे मुदुमलई या जाळ्यात आले नसते, तर जंगलाचा एक सबंध प्रकार परिसरशास्त्राच्या सिद्धांतांच्या हिशेबाबाहेर राहिला असता.

पनामाहून आलेली नियमावली इथे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती, आणि सहकार्याची खरी परीक्षा इथेच झाली. मोजणीचे काम दिसायला सोपे असते. 20 मीटर लांब-रुंद चौकोनात उभे राहायचे, बिल्ल्याचा क्रमांक वाचायचा, खोडावर रंगाने केलेल्या खुणेवर टेप गुंडाळायची, आकडा मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा. टेप खुणेवरच बसायला हवी, कारण चार वर्षांत झाड वाढते काही मिलिमीटर, आणि बोटभर वर-खाली मोजले तर वाढीपेक्षा चूकच मोठी होते. शिवाय कोरड्या ऋतूत सालीतले पाणी कमी होऊन खोड किंचित आक्रसते, म्हणून कोणत्या महिन्यात मोजले हेही सांभाळावे लागते. ही सगळी काळजी पनामातही होतीच. पण तिथे वणवा नाही आणि हत्ती नाही. मुदुमलईत पहिल्या दशकातच अनेकदा आग आली. आगीत बोटभर जाडीचे खोड जळून जाते, पण जमिनीखालचे मूळ जिवंत राहते आणि पावसाबरोबर नवे धुमारे फुटतात. मग ते झाड मेले म्हणायचे की जगले? मेले म्हणावे तर मृत्युदर अवाच्या सवा फुगतो. जगले म्हणावे तर त्याची जाडी कमी झाली, म्हणजे वाढ उणे लिहायची का? प्रश्न तांत्रिक वाटेल, पण त्याच्या उत्तरावर त्या जंगलाचा सगळा जमाखर्च उभा आहे. म्हणून मुदुमलईत पूर्ण मोजणी दर चार वर्षांनी ठेवली गेली आणि कोण मेले, कोण नव्याने आले, याची नोंद दरवर्षी होऊ लागली. आग आणि हत्ती यांचा हिशेब पाच वर्षांनी एकदा जाऊन लागत नाही.

या दरवर्षीच्या नोंदीतूनच वारंगाची कहाणी कळली. शास्त्रीय नाव किडिया कॅलिसिना. पहिल्या मोजणीत प्लॉटमध्ये सर्वांत जास्त संख्या याच झाडाची होती. पुढच्या काही वर्षांत हत्तींनी ती झाडे मोडली, साल सोलून खाल्ली, आणि पहिल्या क्रमांकावरची ही प्रजाती झपाट्याने घसरली. एखाद्या पाहुण्या अभ्यासकाने दोन हंगाम काम करून परत जायचे ठरवले असते, तर त्याने एक तर वारंगाचे राज्य नोंदवले असते किंवा त्याची पडझड. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही अपुरे. घाणेरीचेही तसेच. मूळची अमेरिका खंडातली ही काटेरी झुडपे भारतभर पसरली आहेत. पनामाच्या नियमावलीत त्यांच्यासाठी रकाना असण्याचे कारणच नव्हते. मुदुमलईच्या अभ्यासकांनी 1990 मध्ये प्लॉटमधल्या घाणेरीची नोंद केली. 2008 च्या नोंदीशी ताडून पाहिल्यावर तिचा पसारा किती वाढला, तो कोणत्या भागात दाट झाला, हे आकड्यांत मांडता आले. परदेशी पद्धत घेतली की परदेशी प्रश्नही घ्यावे लागतात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. बऱ्याच प्रकल्पांत तसे घडतेच. पण ते पद्धतीमुळे घडत नाही; नोंदवहीत नवा रकाना घालायचा अधिकार कुणाकडे आहे, यावर ते ठरते. मुदुमलईत तो अधिकार बेंगळुरूकडे होता. सिंहराजात तो पेराडेनिया विद्यापीठातल्या सावित्री आणि निमल गुणतिलके यांच्याकडे होता, जरी त्यांच्याबरोबर हार्वर्डचे पीटर अ‍ॅश्टन यांच्यासारखे जाणते वनस्पतिशास्त्रज्ञ उभे होते.

मग प्रत्येक देशाने आपापले जंगल आपल्या पद्धतीने मोजावे, सीमापार जाण्याची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर मला तुलनेत दिसते. 2007 मध्ये पनामा आणि पासोह या दोन प्लॉटांतल्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दोन्हीकडे झाडांच्या वाढीचा वेग मंदावलेला दिसला. एकट्या पनामात तसे आढळले असते तर त्या बेटाची काही खोड असेल, असे म्हणून विषय सोडून देता आला असता. दोन खंडांत, प्रजातींचे साम्य जवळजवळ नसलेल्या दोन जंगलांत तेच दिसले, तेव्हा तापमानासारखे व्यापक कारण शोधणे भाग पडले. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. उष्ण कटिबंधात एवढ्या प्रजाती एकत्र कशा नांदतात, याचे एक उत्तर डॅनिएल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये सुचवले होते. एखाद्या प्रजातीची झाडे दाटीने उगवली की तिच्यावर पोसणारे किडे आणि रोगही तिथे जमतात, तिची रोपे मरतात आणि इतरांना जागा मिळते. 2017 मध्ये 24 प्लॉटांच्या नोंदी घेऊन एका गटाने ‘सायन्स’मध्ये मांडले की, हा परिणाम विषुववृत्ताकडे जास्त तीव्र होतो. 2018 मध्ये त्याच नियतकालिकात इतर अभ्यासकांनी त्यातल्या संख्याशास्त्रावर बोट ठेवले: दिसलेला कल पद्धतीमुळेच निर्माण झालेला असू शकतो. पुढे 2024 मध्ये 23 जंगलांच्या नोंदींवर नव्या रीतीने काम झाले आणि चित्र बदलले. सरासरीने पाहता उष्ण कटिबंधात हा परिणाम अधिक तीव्र नाही; मात्र तिथल्या विरळ प्रजातींवर तो जास्त जाणवतो. पन्नास वर्षांपूर्वीची कल्पना आधी बळकट झाली, मग डळमळली, मग सुधारून घेतली गेली. हे शक्य झाले, कारण सगळीकडे माप 1.3 मीटरवरच घेतलेले होते आणि टीकाकारांनाही ते आकडे हाताळता आले.

परदेशी सहकार्याविषयीच्या संशयाला आपल्या देशात इतिहास आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून मोठा अभ्यास केला. त्याला आधी जागतिक आरोग्य संघटनेची आणि नंतर अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका सर्वेक्षणाची मदत होती. पक्ष्यांबरोबर विषाणू कसे प्रवास करतात, ही माहिती जैविक युद्धात वापरता येईल, अशी शंका घेतली गेली. दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा प्रकल्प होता. त्यावरही तसेच वादळ उठले, संसदेच्या लोकलेखा समितीने कठोर शब्दांत विचारणा केली आणि 1975 मध्ये तो बंद झाला. या वादांतला प्रत्येक आरोप खरा होता, असे मला म्हणायचे नाही. पण पैसा कुणाचा, नोंदी कुणाकडे जाणार आणि प्रश्न कुणी ठरवला, हे तिन्ही प्रश्न रास्त होते. त्यांचे उत्तर सहकार्य टाळून मिळत नाही. पक्ष्यांच्या पायांतल्या वाळ्यांचा अभ्यास मुळात सीमापारच होऊ शकतो. सैबेरियातून निघालेला पक्षी भरतपूरला उतरतो, तेव्हा त्याची निम्मी हकीकत दुसऱ्या देशात असते. संशयाला उत्तर आहे ते करारातल्या स्पष्ट अटींचे. मुदुमलईसारख्या प्लॉटवर असा वाद पेटला नाही, याचे एक कारण मला हे दिसते की जंगल, मोजणारे आणि मूळ नोंदी भारतीय संस्थेतच होत्या.

आता नोंदी सर्वांसाठी खुल्या करण्याचा आग्रह वाढतो आहे, आणि नवा तिढा इथे आहे. सार्वजनिक पैशातून जमवलेले आकडे सार्वजनिक असावेत, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण आकडे फुकट जमत नाहीत. हत्तींच्या वाटेवर, जळवांत, वणव्याच्या राखेत माणसे वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा एक तक्ता तयार होतो. पाने गळलेल्या झाडाच्या सालीवरून आणि कापातल्या रंगावरून प्रजाती ओळखणारी माणसे बहुधा त्याच रानातल्या गावांची असतात. त्यांचे नाव निबंधाच्या शेवटी आभारांत येते किंवा येतही नाही. उत्तरेकडच्या एखाद्या विद्यापीठात बसलेला संशोधक तोच तक्ता काही मिनिटांत उतरवून घेतो आणि त्याचा निबंध आधी छापला जातो. उष्ण कटिबंधातल्या वन-अभ्यासकांनी याविरुद्ध अलीकडे जाहीरपणे आवाज उठवला आहे: खुलेपणा हवा असेल, तर पुढच्या मोजणीचा खर्च आणि मोजणाऱ्यांचे श्रेय त्याच करारात यावे. याला काही जण विज्ञानाच्या वाटेतला अडसर म्हणतात. मला ते पटत नाही. मोजणी थांबली तर खुला करायला नवा आकडाच उरणार नाही, इतका हा व्यवहार सरळ आहे.

पैशाचा आक्षेप वेगळ्या बाजूनेही येतो. गरीब देशाने झाडे मोजत बसण्यापेक्षा तोच निधी वनसंरक्षणाला द्यावा, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. पण वनखाते घाणेरी काढण्यावर आणि वणवा रोखण्यावर खर्च करतेच. त्यातला कोणता खर्च उपयोगी पडला, हे ठरवायला आधीची आणि नंतरची नोंद लागते, आणि आधीची नोंद मागाहून तयार करता येत नाही. अडचण निधीच्या आकारात कमी आणि त्याच्या मुदतीत जास्त आहे. बहुतेक अनुदाने तीन ते पाच वर्षांची असतात, म्हणजे मुदुमलईच्या फार तर एका पूर्ण मोजणीइतकी. फ्रान्सच्या मदतीने पुदुच्चेरीत 1955 पासून चालणाऱ्या फ्रेंच संस्थेला कोडगूतील उप्पंगळाच्या सदाहरित जंगलात दीर्घकाळ झाडे मोजता आली, ती संस्थाच कायम असल्यामुळे.

आपला जैवविविधता कायदा 2002 चा आहे. परदेशी संशोधकांना जैविक संसाधने देण्यावर तो बंधने घालतो, पण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर झालेल्या सहयोगी प्रकल्पांना वाटही ठेवतो. ती तत्त्वे 2006 मध्ये अधिसूचित झाली. मंजुरी देताना नमुने कुठे जातील आणि लाभ कसा वाटला जाईल, याची चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. त्या अर्जात आणखी दोन रकाने हवेत, असे मला वाटते: प्रकल्प संपल्यावर मूळ नोंदी कोणत्या भारतीय संस्थेत राहतील, आणि पाच वर्षांनंतरची मोजणी कोण, कुणाच्या पैशाने करणार. दुसऱ्या रकान्यात नाव आणि रक्कम लिहिता आली नाही, तर त्या सहकार्याला परिसरशास्त्रातले संशोधन म्हणून मंजुरी देण्याची घाई करू नये.