लाँग नॉन-कोडिंग आरएनए आणि लिव्हर कॅन्सर: 'वाढला' म्हणजे 'कारण' ठरला का?



पेटची तयारी करताना किंवा पीएचडीचा विषय शोधताना "अमुक लाँग नॉन-कोडिंग आरएनए लिव्हर कॅन्सरमध्ये वाढलेला आढळतो" असं सांगणारे पेपर तुम्हाला ढिगाने सापडतील. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात सेल कल्चरची सोय असेलच असं नाही, पण कॅन्सरचा डेटा मोफत मिळतो. म्हणून हा विषय अनेकांना सोयीचा वाटतो. विषय चांगलाच आहे, फक्त त्यातली एक मेख आधी समजून घ्या.

आधी बेसिक

आपल्या जीनोमचा जेमतेम २ टक्के भाग प्रोटीनसाठी कोड करतो. आरएनए मात्र त्याहून कितीतरी मोठ्या भागापासून तयार होतो. यापैकी जे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब असतात आणि प्रोटीन बनवत नाहीत, ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए.

२००७ मध्ये एचयूएलसी नावाचा असा आरएनए सापडला. 'लिव्हर कॅन्सरमध्ये खूप वाढलेला' हाच त्याच्या नावाचा अर्थ. तो रुग्णांच्या रक्तातही आढळला. म्हणजे मार्कर म्हणून उपयोगी पडण्याची शक्यता. पण परभणीच्या उरुसात गर्दी वाढली की फुगेवालेही वाढतात. फुगेवाल्यांमुळे उरूस भरतो असं कोणी म्हणत नाही. मार्कर आणि कारण यांत हाच फरक आहे.

मग कारण कसं दाखवतात?

२०१४ मध्ये आलेलं एलएनसीआरएनए-एटीबीचं काम बघा. टीजीएफ-बीटा हा सिग्नल मिळाला की हा आरएनए वाढतो. तो मायक्रोआरएनए-२०० कुटुंबाला स्वतःकडे बांधून ठेवतो. हे मायक्रोआरएनए एरवी झेब१ आणि झेब२ यांना दाबून ठेवतात. तो दाब सुटला की पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या होऊन आजूबाजूला घुसतात. शिवाय हाच आरएनए इंटरल्युकिन-११ च्या एमआरएनएला टिकवतो, त्यातून स्टॅट३ सक्रिय होतो आणि दूर गेलेल्या पेशींना नव्या जागी मूळ धरता येतं. इथे 'वाढला' एवढंच सांगितलेलं नाही, पायरी-पायरीने साखळी दाखवली आहे.

पेपर वाचताना चार प्रश्न विचारा

१. आरएनए कमी केल्यावर पेशींचं घुसणं थांबलं, ठीक. पण तो परत घातल्यावर पुन्हा सुरू झालं का? आणि बांधणीची जागा बिघडवून घातला तर?

२. स्पंजाचा दावा असेल तर हिशोब जुळतो का? २०१४ मध्येच यकृताच्या पेशींत मायक्रोआरएनए-१२२ वर मोजमाप झालं. परिणाम दिसायला एका पेशीत किमान दीड लाख जादा बांधणीच्या जागा लागल्या. ज्या आरएनएच्या पेशीत मोजक्याच प्रती आहेत, तो एवढं शोषणार कसा?

३. क्रिस्परने डीएनएचा तुकडाच कापला असेल, तर परिणाम आरएनए गेल्याचा की त्या जागेवरचा एन्हान्सर गेल्याचा?

४. रुग्ण कोणते? हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, अशी या कॅन्सरची कारणं वेगवेगळी. वाढ कॅन्सरमुळे आहे की व्हायरस किंवा सिरॉसिसमुळे, हे वेगळं काढलंय का?

तुम्ही काय करू शकता?

टीसीजीएमध्ये लिव्हर कॅन्सरच्या सुमारे ३७० ट्यूमरचा आणि शेजारच्या ५० नमुन्यांचा आरएनए डेटा आहे. एक लॅपटॉप आणि थोडं 'आर' आलं तरी कामाला लागता येतं. त्यातून काय मिळेल? शंका घेण्याजोग्या आरएनएची यादी. ती यादी म्हणजे निष्कर्ष नव्हे. म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच ठरवा: यादीतला एक आरएनए निवडून प्रयोग कुठे करणार, कोणाच्या लॅबची मदत घेणार? मुलाखतीत गाईड हेच विचारतात. आणि प्रयोग शक्य नसेल, तर शीर्षकात 'भूमिका' हा शब्द न वापरता 'संबंध' लिहा. दावा छोटा दिसेल, पण तो तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळता येईल.