थंडीत जड पडणारा गिअर

पौषातील पहाटे राहुरी-श्रीरामपूरच्या बागाइतीत ट्रॅक्टर सुरू केला असता गिअर पडता पडत नाही, असा अनुभव पुष्कळांस येतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळून त्याचे वजन घटते. सबब मालक घाबरतो आणि गिअरबॉक्स उघडण्यास संमती देतो. गेल्या साली आम्हीही देणारच होतो.

तत्पूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहावेत. दातास दात अडल्यास गाडी किंचित ढकलावी. बंद इंजिनावर दांडा सहज चालला व इंजिन सुरू होताच करकर झाली, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. पेडलची मोकळी चाल बहुधा वाढलेली असते. ती ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मापावर आणावी. इंजिन बंद असताही दांडा जड, पण अर्ध्या तासाच्या कामानंतर हलका होत असेल, तर संशय तेलावर घ्यावा. थंडीने तेल घट्ट होते, आणि ९० नंबरच्या जागी १४० नंबरचे असल्यास फारच. तापल्यावरही जडपणा न गेला, तरच दांड्याचे सांधे व आतील भाग पाहावेत.

आमच्या गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचेच तेल निघाले. उन्हाळ्यात घरी शिल्लक होते म्हणून ते आम्हीच भरले होते, मिस्त्रीस काय बोलणार! पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल लिफ्टही चालविते. म्हणून नंबर पुस्तिकेत पाहूनच घ्यावा, आणि तेल ताकासारखे पांढुरके दिसल्यास पाणी शिरले असे जाणून ते सर्व काढून टाकावे.